मोकळ्या हवेचा आकडा

नातेपुत्यात कुणी "हवा कशी आहे?" असं विचारलं तर त्याचे दोनच अर्थ होतात. एक म्हणजे पाऊस येईल का, आणि दुसरा म्हणजे निवडणुकीत कोण येईल. हवेत बेकरेल किती आहेत, हा तिसरा अर्थ आमच्या घरात शिरला तो माझ्या चुलतभावामुळे. गेले काही महिने मी जमेल तसा या तिसऱ्या अर्थाच्या मागे आहे. "परसातल्या लिंबाला ते काय टांगलंयस?" असं घरच्या निम्म्या माणसांनी विचारून झालंय. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

काकू गेली त्याला आता काही वर्षं झाली. फुप्फुसाचा कॅन्सर. तिने आयुष्यात विडी-सिगारेट तर सोडाच, कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. घरात ओढणारं कुणीच नव्हतं. त्यामुळे "हिलाच कसा झाला?" हा प्रश्न तेव्हा जो सुरू झाला तो घरात कधी थांबलाच नाही, फक्त हळू आवाजात बोलला जाऊ लागला. तिचा मुलगा, म्हणजे माझा हा चुलतभाऊ, पेनसिल्व्हेनियात असतो. त्याने तिकडे घर घेतलं तेव्हा खरेदीच्या आधी रेडॉनची टेस्ट झाली. रिपोर्ट तिथल्या मर्यादेच्या वर आला. मग घराच्या जमिनीखालून एक पाइप काढून, त्याला पंखा लावून, तो गॅस छपराच्या वर सोडायची सोय केली आणि आकडा खाली आला. एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण रिपोर्टबरोबर जे माहितीपत्रक आलं त्यात लिहिलं होतं, की फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिगारेटच्या खालोखाल मोठं कारण म्हणजे रेडॉन. त्या रात्री त्याचा फोन आला. "दादा, आपल्या नातेपुत्यात किती असेल रे?"

पुढच्या दिवाळीला आला तेव्हा खिशात मावेल असं एक उपकरण घेऊनच आला. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

पत्रकातलं वाक्य खोटं नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच्या चार वर्षं आधी, डिसेंबर १९८४ मध्ये, याच पेनसिल्व्हेनियात एक अजब प्रकार झाला होता. लिमरिक अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथला स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनियर तपासणीच्या दारातून गेला की किरणोत्साराचा भोंगा वाजायचा. गंमत म्हणजे केंद्र अजून सुरूच झालेलं नव्हतं, आणि भोंगा तो कामावर *येताना* वाजायचा. शेवटी त्याचं घर तपासलं. तिथल्या हवेत रेडॉन निघाला एका घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल! बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. अमेरिकेत घरासाठी जी मर्यादा धरतात ती साधारण १४८ बेकरेलची, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सुचवलेली १०० ची. यावरून त्या घराची कल्पना यावी. तिकडे घर घेताना ही टेस्ट करतात ती तेव्हापासूनच्या धास्तीने.

आता कुणीही विचारेल, की मग घरात मोजायचं सोडून झाडाला कशाला टांगलंय? कारण साधं आहे. काकूचं घर आता नाही. जाड भिंतींचं जुनं माळवद होतं ते. काकू तिथेच नांदली, तिथेच चुलीपुढे बसली. ते पाडून त्या जागी स्लॅबचं घर उभं राहिलं. ज्या खोलीतली हवा मोजायला हवी ती खोलीच राहिली नाही. राहिलंय ते परस, तीच जमीन आणि वरची मोकळी हवा. उन्हाळ्याच्या रात्री काकू बाज टाकून झोपायची ती याच लिंबाखाली. भाऊ म्हणाला, मग तिथलं तरी मोज.

मला ते पटलं. मोकळ्या हवेचा आकडा हा तळाचा आकडा असतो. घरात जे काही असेल ते एवढं अधिक आणखी थोडं. तळ कळला तर निदान मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

रेडॉन येतो कुठून तर पायाखालून. जगातल्या प्रत्येक दगडमातीत चिमूटभर का होईना युरेनियम असतं. त्याचा अर्धा भाग संपायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात. त्या साखळीत पुढे रेडियम तयार होतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. रेडियमपासून रेडॉन, आणि त्याचं अर्धायुष्य फक्त ३.८ दिवस. या सगळ्या साखळीत रेडॉन तेवढा वायू. बाकीचे दगडातच अडकून बसतात, हा मात्र मातीच्या कणांमधून वाट काढत वर येतो. जगाची सरासरी काढली तर जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला साधारण एक अणू बाहेर पडतो. आपल्या मापात सांगायचं तर एका गुंठ्यातून सेकंदाला दहा लाख अणू. ऊस लावा, कांदा लावा नाहीतर पडीक ठेवा, हे पीक चालूच.

आपल्याकडे त्यात दोन-तीन गोष्टींचा फरक पडतो. नातेपुतं बसलंय दख्खनच्या काळ्या दगडावर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम कमी, दहा लाख भागांत साधारण एक भाग किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या तीन-चार पट सहज असतं. म्हणजे मूळ भांडवलच थोडं. दुसरं म्हणजे काळी माती. पावसात ती फुगून गच्च बसते, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि वायूची वाट अडते. उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिसरं म्हणजे वारा. समुद्रातून रेडॉन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा वारा या बाबतीत धुतलेला असतो. हवामानाचे अभ्यासक तर रेडॉनवरून ओळखतात, की ही हवा गेले काही दिवस जमिनीवर फिरत होती की पाण्यावर.

आता मुख्य अडचण. मोकळ्या हवेत हा असतो किती? जगभरात साधारणपणे घनमीटरला ५ ते १५ बेकरेल. १० धरू. दहा बेकरेल म्हणजे एका घनमीटर हवेत रेडॉनचे सुमारे ४८ लाख अणू. ऐकायला खूप वाटतं. पण त्याच घनमीटरमध्ये हवेचे जे रेणू असतात त्यांच्याशी तुलना केली तर पाचावर अठरा शून्यं इतक्या रेणूंमागे रेडॉनचा एक! हे प्रमाण कुठल्याही तराजूला किंवा रसायनाला लागत नाही. हा सापडतो तो मरतानाच. अणू फुटतो तेव्हा एक अल्फा कण सुटतो, हवेत चारेक सेंटिमीटर धावतो आणि वाटेत लाख-दीड लाख आयनांच्या जोड्या करून ठेवतो. तो एक धक्का मोजायचा. म्हणजे आपण रेडॉन मोजत नाही, त्याच्या मरणाच्या नोंदी मोजतो.

बाहेरच्या हवेत हे पहिल्यांदा पकडलं ते दोन शाळामास्तरांनी, याचं मला फार अप्रूप आहे. एल्स्टर आणि गायटेल, जर्मनीतल्या वोल्फेनबुटल गावच्या शाळेत शिकवायचे. १९०१ साली त्यांनी उघड्यावर एक तार ताणली, तिला मोठा ऋण विद्युतदाब दिला आणि काही तास तशीच ठेवली. मग चामड्याच्या तुकड्याने ती पुसली आणि तो तुकडा तपासला, तर तो किरणोत्सारी! रेडॉन फुटल्यावर जे घन अणू उरतात ते बहुतेक धनभारित असतात, ते तारेवर येऊन बसले होते. (फुप्फुसाला त्रास होतो तो मुख्यतः यांचाच. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतांशी बाहेर येतो. ही पिलावळ मात्र धुळीच्या कणांवर बसून आत जाते, चिकटते आणि तिथे फुटते.) पुढच्याच वर्षी सी. टी. आर. विल्सनना ताज्या पावसाच्या पाण्यातही तेच सापडलं. सर हवेतली पिलावळ धुऊन खाली आणते.

आता आमचं उपकरण. हिशेब सगळ्यांना कळेल असा सांगतो. समजा त्याच्या आतली पोकळी पाव लिटरपेक्षा थोडी कमी, २०० मिली आहे. १० बेकरेलच्या हवेत एवढ्या जागेत तासाला रेडॉनचे साधारण ७ अणू फुटतील. त्यातले काही भिंतीकडे जातील, काही संवेदकाला चुकवतील. समजा तासाला २ नोंदी हाती लागल्या. आता या दोनाला काही अर्थ आहे का? अणू ठरावीक वेळाने फुटत नाहीत, फुटतात तेव्हा फुटतात. अशा मोजणीत जेवढी संख्या येते तिच्या वर्गमुळाएवढं अधिक-उणे सोबत असतंच. २ नोंदी आल्या तर अधिक-उणे दीड. म्हणजे पुढच्या तासाला शून्य आलं काय आणि चार आलं काय, हवेत काहीही बदललेलं नसू शकतं. दिवसभरात ४८ नोंदी आल्या तर अधिक-उणे ७. महिनाभरात १४४० आल्या तर अधिक-उणे ३८, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. थोडं मोजायचं असेल तर एकच उपाय, थांबायचं.

पहिल्या आठवड्यात वहिनीचा रोज फोन. "आज शून्य दाखवतंय, चांगलं ना?" दुसऱ्या दिवशी, "अहो, आज एकदम वाढलंय, पोरांना आत बोलावू का?" तिला सांगून सांगून थकलो, की स्क्रीनवरचं शून्य म्हणजे हवेत शून्य नव्हे. त्या तासात आपल्या डबीत काही पडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच्याही आधी एक काम होतं. संवेदक जुना होत जातो तशी त्याच्या अंगावरच थोडी पिलावळ साठते, इलेक्ट्रॉनिक्सचाही थोडा आवाज असतो. रेडॉन अजिबात नसताना ते काय दाखवतं हे माहीत नसेल तर तासाला दोन आणि तासाला एक यांतला फरक कळणार कसा? घरात दोनशे बेकरेल असताना ही गोष्ट कुणी विचारात घेत नाही. दहाशी गाठ असते तेव्हा हीच मुख्य. त्यासाठी लागते शिळी हवा. हवाबंद डब्यात कोंडलेल्या हवेतला रेडॉन दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो, आणि २७ दिवसांत सव्वाशेव्या हिश्श्यावर येतो. मी रबरी कडेच्या एका स्टीलच्या डब्यात उपकरण महिनाभर कोंडून ठेवलं. डबा चकल्यांचा होता, त्यावरून घरात झालं ते झालं.

ज्यांचं हे कामच आहे ते लोक काय करतात ते वाचलं तेव्हा आपल्या डबीची पायरी कळली. एक पद्धत अगदी साधी, वीजही लागत नाही. एलआर-११५ नावाच्या फिल्मचा तुकडा छोट्या डबीत ठेवून तीन महिने टांगायचा. अल्फा कण तिच्यावर ओरखडे काढतात, पण ते दिसत नाहीत. मग फिल्म कोमट कॉस्टिक सोड्यात ठेवली की ओरखड्यांची भोकं होतात आणि ती मोजायची. भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची डबी तयार केली आहे. त्या छिद्रांतून रेडॉन आत शिरतो, पण त्याचा ५५ सेकंदांत निम्मा होणारा भाऊबंद, थोरॉन, पुढच्या कप्प्यापर्यंत पोचायच्या आत संपतो. दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियाच्या अणुसंशोधन संस्थेची. त्यांची टाकी १५०० लिटरची! हवा आधी एका गाळणीतून घेतात म्हणजे आधीची सगळी पिलावळ बाहेरच राहते. मग टाकीतून जाता जाता जे रेडॉन फुटतात त्यांची नवी पिलावळ शेवटच्या जाळीवर पकडतात. टास्मानियातल्या केप ग्रिमला, जिथे वारा हजारो किलोमीटर समुद्रावरून येतो, तिथे याच पद्धतीच्या टाकीने घनमीटरला ०.१ बेकरेलहूनही कमी रेडॉन मोजला जातो. १५०० लिटर आणि आमचे २०० मिली. असो.

तरीही एक गोष्ट आमच्या डबीलासुद्धा जमली. उपकरण ताशी नोंद ठेवतं. एका दिवसाच्या पहाटेच्या नोंदी म्हणजे काहीच नाही. पण डिसेंबर-जानेवारीतल्या सगळ्या पहाटा एका ढिगात टाकल्या, सगळ्या दुपारा दुसऱ्या ढिगात, आणि मग दोन्ही ढीग तोलले. पहाटेचा ढीग स्पष्टपणे मोठा निघाला, अधिक-उणे धरूनसुद्धा. असं व्हायलाच हवं होतं. मैसूर विद्यापीठ आणि पुण्याची आयआयटीएम यांच्या शास्त्रज्ञांनी पुण्यात जमिनीलगतच्या हवेतला रेडॉन मोजून २००३ साली जे प्रसिद्ध केलं त्यातही हाच आकार आहे. पहाटे जास्त, दुपारी कमी.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर थंडीत सूर्य उगवायच्या आत फलटण रस्त्याला उभं राहायचं. घराघरांतल्या बंबांचा धूर वर जातच नाही. माणसाच्या उंचीच्या थोडा वर एक पांढरा पट्टा धरून आडवा पसरतो. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर अडकतो तसाच जमिनीतून येणारा रेडॉनही त्या झाकणाखाली अडकतो. नऊ-दहाला ऊन लागलं की झाकण उघडतं आणि दुपारपर्यंत तीच चिमूट किलोमीटर-दीड किलोमीटर उंच हवेत कालवली जाते. रेडॉन म्हणजे न दिसणारा धूरच म्हणा, फक्त त्याची चूल कधी विझत नाही.

आषाढात माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला येते तेव्हा लाखो माणसं या परसासारख्या मोकळ्या जागांत, जमिनीला पाठ लावून झोपतात. पहाटेची तीच हवा घेतात. आमच्या एका आत्याने हे ऐकून लगेच विचारलं, "मग वारकऱ्यांना सांगायला नको का?" नको आत्या. दहा-वीस बेकरेलच्या हवेत माणूस उत्पत्तीपासून झोपतोय, आणि आषाढातली ओली जमीन नि पश्चिमेचा वारा त्यातही कमीच करतात.

मधल्या काळात एका पुतण्याने दुसरं पिल्लू सोडलं, की यावरून भूकंप आधी कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीची आठवण आमच्याकडे सगळ्यांना आहे, त्यामुळे लगेच चर्चा. यात तथ्य एवढंच, की १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर तिथल्या एका औषधनिर्माण विद्यापीठातल्या संशोधकांनी आपली बाहेरच्या हवेतल्या रेडॉनची आधीची नोंद काढून पाहिली, तेव्हा भूकंपाआधी आकडे चढलेले दिसले. पण पाऊस, वारा, हवेचा दाब यांनीही आकडे रोज वरखाली होतात. चढ आला आणि भूकंप आला नाही, चढ आला नाही आणि भूकंप आला, असं दोन्ही होतं. त्यामुळे यावर विसंबून भाकीत करता आलेलं नाही. घडून गेल्यावर मागे वळून पाहिलं की कुठला ना कुठला चढ सापडतोच.

हे लिहिताना मला भूकंपापेक्षा काकूच आठवत होती.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. परसातला आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. एक तर ही डबी कुठल्या प्रयोगशाळेत प्रमाणित हवेशी ताडून घेतलेली नाही. आणि दुसरं, आकडा एकदा सांगितला की त्याचं अधिक-उणे वाटेत गळून पडतं, उरतो तो नुसता आकडा. एवढंच सांगतो, की जगभर मोकळ्या हवेत जेवढा असतो त्यापेक्षा वेगळं असं काही दिसलं नाही.

पण समजा माझी टाकी १५०० लिटरची असती, आकडा अगदी चोख असता, आणि जुनी खोलीही उभी असती, तर? युरोपातल्या १३ अभ्यासांची एकत्र मोजदाद २००५ साली प्रसिद्ध झाली, घरातला रेडॉन आणि फुप्फुसाचा कॅन्सर यावर. दर १०० बेकरेलमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी वाढतो असं त्यात निघालं. आता हे टक्के माणसांत मोजू. आयुष्यभर न ओढणारी हजार माणसं घेतली, तर रेडॉन शून्य असतानाही पंचाहत्तरीपर्यंत सुमारे चौघांना हा आजार होतो. घरात कायम १०० बेकरेल असतील तर पाच जणांना, ४०० असतील तर सात जणांना. (ओढणाऱ्यांचे आकडे याच्या पंचवीस पट, म्हणजे हजारात शंभराच्या पुढे. रेडॉन असला काय, नसला काय, विडी सोडणं आधी.) हाच हिशेब सरळ रेषेत खाली, मोकळ्या हवेच्या दहा बेकरेलपर्यंत नेला तर लाखात सहा-सात माणसं जास्तीची. शून्य नाही. पण ती सहा कोण, हे कधीच कुणाला कळणार नाही.

हे मी भावाला फोनवर सांगितलं. समजा आपल्या माळवदात शंभर होते. तरी अशा घरांतल्या ज्या पाच जणींना हा आजार झाला त्यातल्या चौघींना तो रेडॉन नसतानाही झाला असता. काकू त्या चौघींतली की पाचवी, हे सांगणारं यंत्र नाही. शिवाय ती चाळीस वर्षं तुराट्या आणि गवऱ्यांच्या धुरात बसली. तो धूरही निर्दोष नाही, पण त्याचीही नोंद कुणी ठेवलेली नाही. माळवदाला धूर जायला एक भोक होतं, पावसाळ्यात त्यावर पत्र्याचा तुकडा टाकलेला असायचा.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे सांगता येत नाही."

"नाही येत."

"मला वाटत होतं, आकडा मोठा निघाला तर बरं होईल," तो म्हणाला. मला त्याचं नवल वाटलं नाही. मोठा आकडा निघाला असता तर दोष द्यायला एक जागा मिळाली असती. दगडाला, मातीला, कुणालाही. लहान आकड्यावर काही टांगता येत नाही. त्याच्यासमोर माणसाला "माहीत नाही" एवढंच म्हणून उठावं लागतं, आणि घरातलं माणूस गेलेलं असताना ते फार जड जातं.

तरी मोजण्याचा एक उपयोग झाला. त्याच्या पेनसिल्व्हेनियाच्या घरातला तो पाइप आणि पंखा करतो काय, तर जमिनीतला वायू घरात शिरायच्या आत बाहेरच्या हवेत सोडतो. म्हणजे औषध हेच, परसातली ही दहा बेकरेलची हवा. घरातला आकडा कितीही झाडला तरी याच्या खाली जात नाही, आणि खिडक्या उघडल्या की याच्याच जवळ येतो. आपल्याकडे जुन्या घरांना चौक होते, दारं दिवसभर उघडी असायची. आता नातेपुत्यातसुद्धा एसीची खोली आली आणि ती दिवसदिवस बंद असते. ज्यांच्याकडे लहान मुलं तळमजल्याच्या बंद खोलीत झोपतात त्यांनी सकाळी दोन-तीन तास खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात. त्याला उपकरण लागत नाही.

डबी अजून लिंबालाच आहे. वरून उलटी टोपली बांधलीय, म्हणजे पाऊस लागणार नाही आणि वारा खेळता राहील. मला पावसाळ्याचा ढीग हवा आहे. काळी जमीन मिटल्यावर आणि समुद्राचा वारा सुटल्यावर तो हिवाळ्याच्या ढिगापेक्षा लहान भरतो का ते बघायचंय. नोंदवही वहिनीकडे आहे, आणि आता ती शून्य दिसलं तरी फोन करत नाही. पालखीच्या मुक्कामाला तेवढी डबी काढून आत ठेवावी लागेल, नाहीतर कुणी काय समजून घेऊन जाईल सांगता येत नाही. त्या दिवसाची जागा वहीत रिकामी राहील. तिथे शून्य लिहायचं नाही, हे वहिनीने मला आधीच बजावून ठेवलंय.